आयतं लिनक्स घेतलं, तर मी शिकणार कशी?

वाचकाचं पत्र:

ताई, मी संगमनेर तालुक्यातल्या एका गावात राहते, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील दूध संकलन केंद्र चालवतात. सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) सगळं वहीत लिहितात आणि दर दहा दिवसांनी पेमेंटचा हिशेब काढायला रात्र रात्र बसतात. त्यांच्यासाठी एक साधं मोबाइल ॲप करायचं माझ्या मनात आहे. लॅपटॉप जुना आहे, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, विंडोज १०. चार दिवस अँड्रॉइड स्टुडिओ हे ॲप बनवायचं सॉफ्टवेअर बसवायचा प्रयत्न करतेय. कधी जावाची आवृत्ती जुळत नाही म्हणतो, कधी एसडीके सापडत नाही म्हणतो. एम्युलेटर (लॅपटॉपवर चालणारा नकली फोन) सुरू केला की लॅपटॉप गपगार. हॉटस्पॉटचा रोजचा डेटा दुपारीच संपतो. वर्गातल्या एका मुलाने पेनड्राइव्हवर व्हर्च्युअलबॉक्सची (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) तयार इमेज दिली आहे. म्हणाला, यात लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी प्रणाली), स्टुडिओ, सगळं बसवलेलं आहे, नुसतं चालू कर. पण एक सीनियर म्हणतात, असं आयतं घेणारा कधी डेव्हलपर होत नाही, सगळं हाताने बसवता आलं पाहिजे. मला दोघांचंही पटतं आणि पुढे काहीच होत नाही. काय करू?
— अडकलेली

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही सरळ 'तू' म्हणते.

आयतं घे. बिनधास्त घे. फक्त पेनड्राइव्हवरची ती इमेज परत करून टाक. या दोन्ही गोष्टी एकाच दमात का सांगतेय, ते जरा सविस्तर लिहिते.

काही वर्षांपूर्वी मी एका कॉलेजात दोन दिवसांची कार्यशाळा घेतली होती. तीस मुलं, तीस तऱ्हेचे लॅपटॉप आणि सगळ्या हॉलला मिळून एक वायफाय. सकाळी दहाला 'आता स्टुडिओ डाउनलोड करा' म्हटलं आणि संध्याकाळी पाचपर्यंत आम्ही तेच करत होतो. कुणाची डिस्क भरलेली, कुणाचा जावा भलताच, कुणाचं डाउनलोड नव्वद टक्क्यांवर तुटलेलं. कोडची एक ओळ कुणी लिहिली नाही. दुसऱ्या दिवशी निम्मा हॉल रिकामा होता. मागच्या बाकावरची एक मुलगी जाताना म्हणाली, "मॅडम, मला हे जमणार नाही बहुतेक." ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. तिला काय जमत नव्हतं? प्रोग्रॅमिंग तर तिने केलंच नव्हतं. फाइल उतरायची वाट बघून बघून तिने ठरवलं होतं की आपल्याला अक्कल कमी आहे.

तुझ्या पत्रातही तोच सूर आहे, म्हणून एवढ्या पोटतिडकीने लिहितेय. चार दिवस तू ज्याच्याशी झगडतेयस ते ॲप बनवणं नाहीच. अँड्रॉइडचं ॲप तयार व्हायला चार-पाच वेगवेगळ्या गोष्टींचं आपसात जुळावं लागतं: जेडीके (जावाची हत्यारं), एसडीके (अँड्रॉइडची हत्यारं), ग्रेडल (कोड जोडून ॲप बांधणारा), ग्रेडलचं अँड्रॉइड प्लगइन (त्याला अँड्रॉइड शिकवणारी जोड) आणि कोटलिन (कोड लिहायची भाषा). प्रत्येकाची आवृत्ती वेगळी, प्रत्येकाच्या मागण्या वेगळ्या. प्लगइनच्या आठव्या मालिकेपासून जेडीके १७ लागतो. तू जो व्हिडिओ बघून बसवत असशील तो त्याआधीचा असेल, तर त्यात जेडीके ८ किंवा ११ बसवायला सांगितलेलं असणार. वर कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी कधीतरी टाकलेला जुना जावा लॅपटॉपवर असेलच. स्टुडिओ स्वतःचा जावा सोबत घेऊन येतो, पण टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) बिल्ड केलं, म्हणजे कोडचं ॲप बांधलं, की जावा-होम ही सेटिंग जिथे बोट दाखवेल तो जावा उचलला जातो. मग स्टुडिओत चालतं आणि टर्मिनलमध्ये चालत नाही, असला चक्रावून टाकणारा प्रकार होतो. यात तुझा काय दोष?

आता तुझ्या सीनियरविषयी. त्यांच्या बोलण्यातली तळमळ मला कळते, पण 'आयतं घेणारा डेव्हलपर होत नाही' हे खरं नाही. खुद्द अँड्रॉइडचंच उदाहरण घे. अँड्रॉइडचा मूळ सोर्स उतरवला की त्यात प्रीबिल्ट्स नावाचं एक भलंमोठं फोल्डर येतं. कंपायलर, जेडीके, लागणारी हत्यारं, सगळी तयार अवस्थेत त्यात असतात, म्हणजे जगात कुठेही कुणी बिल्ड केलं तरी तीच हत्यारं वापरली जावीत. आणि हे बिल्ड अधिकृतपणे फक्त लिनक्सवरच होतं. मॅकवरचा आधार २०२१ मध्ये काढून घेतला गेला. अँड्रॉइड घडवणारे इंजिनिअरच तयार वातावरण वापरतात, तर दूध केंद्राचं पहिलं ॲप करणाऱ्या मुलीने ते का वापरू नये? केरळमध्ये तर सरकारी शाळांसाठी काइट ग्नू/लिनक्स नावाची एकच तयार प्रणाली केलेली आहे. शिक्षकाच्या पडद्यावर जे दिसतं तेच मुलाच्या पडद्यावर दिसतं, आणि शिकवण्याचा वेळ शिकवण्यातच जातो.

तुमच्या भागात टोमॅटो लावतात ना? किती शेतकरी आता घरी बी टाकून रोपं करतात? ट्रेमधली रोपं नर्सरीतूनच येतात, आणि त्यामुळे कुणाची शेतकी कमी होत नाही. पण चांगला शेतकरी रोपं उचलण्याआधी विचारून घेतो: जात कोणती, किती दिवसांची, काय फवारलंय. उत्तर मिळालं नाही तर तो दुसऱ्या नर्सरीत जातो. तू नेमकं एवढंच करायचं आहेस. तयार लिनक्स घेताना विचारायचं, यात काय काय घातलंय आणि ते कुठे लिहून ठेवलंय? लिहिलेलं असेल तर घे. नुसताच वीस-पंचवीस जीबीचा बंद डबा हातात ठेवत असतील तर नको.

हे मी अनुभवाने शिकले. त्या कार्यशाळेनंतर पुढच्या वेळी मी हुशारी केली. घरी बसून एक लिनक्स नीट तयार केलं, त्याच्या तीस प्रती पेनड्राइव्हवर काढल्या आणि वाटल्या. पहिल्या तासाभरात प्रत्येकाच्या फोनवर प्रत्येकाचं ॲप उघडलं. हॉलमध्ये जो गलका झाला तो काय सांगू! पण सहा महिन्यांनी एका मुलाचा फोन आला, की अपडेट केलं आणि सगळं बिघडलं. मी त्याला काहीच सांगू शकले नाही, कारण त्यात मी कोणत्या क्रमाने काय बसवलं होतं ते माझंच मला आठवत नव्हतं. आणि त्याहून मोठी चूक नंतर लक्षात आली.

आपण फोन केबलने जोडतो तेव्हा फोनवर विचारणा येते, या कॉम्प्युटरला परवानगी द्यायची का? आपण 'नेहमी द्या' वर टिचकी मारतो. फोन तिथे कॉम्प्युटरचं नाव लक्षात ठेवत नाही, एडीबीची (कॉम्प्युटरवरून फोनशी बोलणाऱ्या हत्याराची) एक किल्ली लक्षात ठेवतो. ती किल्ली घरच्या फोल्डरमधल्या अँड्रॉइड नावाच्या लपलेल्या फोल्डरात असते. मी इमेज तयार करताना माझा फोन जोडून बघितला होता, त्यामुळे किल्ली इमेजमध्येच राहिली आणि तिच्या तीस प्रती वाटल्या गेल्या. म्हणजे त्या तिसांपैकी कुणाचाही लॅपटॉप इतर एकोणतीस जणांच्या फोनला ओळखीचा. मी सगळ्यांना कळवून त्या किल्ल्या पुसायला लावल्या, फोनमधल्या परवानग्या रद्द करायला लावल्या. तुझ्या वर्गमित्राची इमेज परत कर म्हणते त्याचं हे एक कारण. त्याचा हेतू चांगलाच असणार, पण त्या डब्यात काय राहून गेलंय ते बहुधा त्यालाही माहीत नाही.

दुसरं कारण परवान्याचं. एसडीकेच्या परवान्यात ती आपल्या बॅकअपपलीकडे कॉपी करायला किंवा दुसऱ्याला वाटायला मनाई आहे. म्हणून नीट केलेलं तयार वातावरण एसडीके पोटात घालून देत नाही. ते तुझ्या लॅपटॉपवर ती थेट उतरवतं आणि परवाना तुलाच वाचून मान्य करायला लावतं.

आणि तिसरं कारण तुझा लॅपटॉप. ८ जीबीत आधी विंडोज बसणार, त्याच्या पोटात व्हर्च्युअलबॉक्स, त्याच्या पोटात लिनक्स, त्याच्या पोटात स्टुडिओ, आणि तू उत्साहाने त्यात एम्युलेटर सुरू केलास तर त्याच्याही पोटात एक अख्खा फोन. नुसत्या स्टुडिओलाच किमान ८ जीबी सांगितलेली आहे आणि एम्युलेटरसकट १६. शिवाय एम्युलेटरला प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय थेट लागते, ती व्हर्च्युअल मशीनच्या आत नीट पोहोचतेच असं नाही. तो डबा तुझ्याकडे रांगत चालला असता आणि तू पुन्हा स्वतःलाच दोष दिला असतास.

मग करायचं काय? विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे या लॅपटॉपला तसाही नवा श्वास हवाच आहे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घे. ती हलकी आहे, मांडणी विंडोजसारखी असल्याने परकी वाटत नाही, आणि मिंटची २२ वी मालिका उबंटू २४.०४ वर उभी असल्याने २०२९ पर्यंत अपडेट मिळत राहतील. आधी पेनड्राइव्हवरूनच बूट करून बघ. वायफाय लागतं का, टचपॅड चालतो का, आवाज येतो का. काहीही न बसवता हे कळतं. मग डिस्कचा एक भाग, साठ-सत्तर जीबी तरी, लिनक्सला दे आणि विंडोज शेजारी राहू दे. एक गोष्ट मात्र विसरू नकोस: विंडोजमध्ये बिटलॉकर हे डिस्क एन्क्रिप्शन (फाइल्सना घातलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेव. डिस्कला हात लावल्यावर विंडोज ती मागतं, आणि नसली तर तुझ्या सगळ्या फाइल्स कुलपाच्या आत राहतात.

त्या लिनक्सवर डिस्ट्रोबॉक्स बसव. पॉडमन किंवा डॉकर या कंटेनरच्या यंत्रणेवर चालणारं हे एक छोटंसं हत्यार आहे. तुझ्या लिनक्सच्या आत ते दुसरं एक लिनक्स डब्यासारखं उभं करतं, पण वेगळी रॅम अडवून बसत नाही, आणि जोडलेला फोनही डब्याच्या आतून दिसतो. डब्यात काय काय हवं ते एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचं: पायाला उबंटू २४.०४, त्यावर जेडीके १७, गिट, अनझिप, अशा मोजून आठ-दहा ओळी. हीच तुझी कृती. एक आज्ञा दिली की फाइल वाचून डबा तयार होतो. कुणीतरी अशी तयार फाइल दिली तर खुशाल घे, कारण ती तू पाच मिनिटांत वाचू शकतेस आणि न कळलेल्या शब्दावर बोट ठेवून विचारू शकतेस. पंचवीस जीबीच्या इमेजवर बोट कुठे ठेवणार?

डिस्ट्रोबॉक्समध्ये तुझं घरचं फोल्डर डब्याच्या आत आणि बाहेर एकच असतं. स्टुडिओची फाइल उलगडून तिथेच ठेव, एसडीकेही तिथेच उतरू दे. मग डबा मोडला तरी कोड आणि एसडीके शाबूत राहतात, पुन्हा डाउनलोड करावे लागत नाहीत. (याचा दुसरा अर्थही ध्यानात ठेव. डबा म्हणजे तटबंदी नव्हे. संशयास्पद काही डब्यात चालवलं तर ते तुझ्या घरच्या फाइल्सपर्यंत पोहोचू शकतं.)

पहिलं बिल्ड हॉटस्पॉटवर करू नकोस. ग्रेडल पहिल्या खेपेला आपल्या लायब्ररी उतरवून घेतो, त्या शेकड्याने एमबी भरतात. एसडीके आणि हे पहिलं बिल्ड, दोन्ही कॉलेजच्या वायफायवर उरकून घे. नंतर ग्रेडलला ऑफलाइन चालायला सांगता येतं. नवी लायब्ररी जोडेपर्यंत त्याला नेटची गरज पडत नाही, आणि तुझा रोजचा डेटा संध्याकाळपर्यंत पुरतो.

एम्युलेटर विसर. खरा फोन वापर. फोनच्या सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' उघडून बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपरचे पर्याय उघडतात, त्यात यूएसबी डीबगिंग सुरू कर. काही कंपन्यांच्या फोनवर 'यूएसबीवरून इन्स्टॉल' असा आणखी एक पर्याय असतो, तोही सुरू करावा लागतो. मग टर्मिनलमध्ये 'एडीबी डिव्हायसेस' ही आज्ञा दे आणि काय उत्तर येतं ते नीट वाच, कारण नव्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. यादी रिकामी आली तर बऱ्याचदा केबलच नुसती चार्जिंगची असते; तिच्यात डेटाची तार नसते. दुसऱ्या केबलने बघ. फोनच्या नावापुढे 'नो परमिशन्स' आलं तर फोनला हात लावायची मुभा लिनक्सने तुला दिलेली नाही. त्यासाठी युडेव्हचे (कुठलं उपकरण कुणी वापरायचं ते ठरवणारे) नियम लागतात, ते तयार पॅकेजमध्ये मिळतात. फक्त ते डब्याच्या आत बसवून उपयोग नाही, बाहेरच्या मूळ लिनक्समध्ये बसव. 'अनऑथराइज्ड' आलं तर फोन हातात घे, स्क्रीनवर परवानगीची चौकट तुझी वाट बघत असेल. आणि एडीबी एकाच जागी ठेव, एक तर डब्यात किंवा बाहेर. दोन्हीकडे वेगवेगळ्या आवृत्त्या असल्या की त्या एकमेकींना बंद पाडत बसतात आणि फोन दिसतो, गायब होतो, दिसतो, गायब होतो.

खऱ्या फोनचा आग्रह मी नुसता रॅमसाठी धरत नाही. तुझ्या बाबतीत त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते खास आपल्या मराठीचं आहे. तुझ्या फोनची भाषा इंग्रजी असेल, वडिलांच्या फोनची मराठी. तू फॅट दाखवायला कोटलिनमध्ये नेहमीसारखं 'स्ट्रिंग फॉरमॅट' वापरशील. तुझ्या फोनवर इंग्रजी आकडे दिसतील. वडिलांच्या फोनवर तोच कोड देवनागरीत '३.५' लिहील, कारण मराठी भाषा निवडली की आकडेही देवनागरी धरले जातात. दिसायला सुरेखच. पण ते '३.५' चौकटीतून परत वाचून दशांश संख्येत बदलायला गेलीस की ॲप कोसळतं. गंमत म्हणजे नुसता पूर्णांक असेल, समजा '१२', तर देवनागरी आकडा बिनतक्रार वाचला जातो. दशांश चिन्हाची संख्या मात्र नाही. म्हणजे लिटर पूर्णांकात घेतलंस तर ते चालेल, फॅट अडेल, आणि तेही फक्त वडिलांच्याच हातात. दाखवताना फोनची भाषा वापर, पण साठवताना आणि परत वाचताना लोकेल रूट (कुठल्याच एका भाषेला न बांधलेली सेटिंग) सांगून इंग्रजी आकडेच ठेव. कोटलिन शिकवणाऱ्या इंग्रजी व्हिडिओत हे सहसा कुणी सांगत नाही, कारण त्यांच्या फोनवर हे कधी घडलेलंच नसतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात ॲप वडिलांच्या फोनवर चढव.

आता किल्लीची दुसरी गोष्ट, आणि ही मनावर घे. प्रत्येक ॲपवर सही असते. तू अजून कुठली सही ठरवली नाहीस तरी स्टुडिओ गुपचूप एक डीबग किल्ली तयार करतो आणि तिने सही करतो. वडिलांच्या फोनवर ॲप गेलं, दोन महिने रोजचं दूध त्यात नोंदवलं गेलं. मग तू लॅपटॉप पुसून सगळं नव्याने बसवलंस, नवी किल्ली तयार झाली, आणि ॲपची सुधारलेली आवृत्ती चढवायला गेलीस. फोन ती घेणार नाही, कारण सही जुळत नाही. जुनं ॲप आधी काढा म्हणेल. काढलंस की दोन महिन्यांच्या नोंदी त्याच्याबरोबर गेल्या. साठ-सत्तर घरांचा हिशेब असेल तर वडिलांनी कुणाला काय सांगायचं? म्हणून वडिलांना ॲप देण्याआधी स्वतःची सहीची किल्ली तयार कर, तिची फाइल आणि पासवर्ड दोन वेगवेगळ्या जागी ठेव, आणि ती कृतीच्या फाइलसोबत कधीही कुणाला देऊ नकोस. नोंदी बाहेर काढून ठेवायचं एक बटणही ॲपमध्ये पहिल्या दिवसापासून असू दे. आणि पहिले तीन-चार दहावडे वही चालूच राहू दे, ॲप आणि वही शेजारी शेजारी.

लॅपटॉप अगदीच रुसला, किंवा कॉलेजच्या मशीनवर काही बसवायची परवानगी नसली, तर ब्राउझरमधून चालणारं तयार लिनक्सही मिळतं. गिटहब कोडस्पेसेसमध्ये वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास मोफत आहेत, म्हणजे दोन कोअरच्या मशीनवर साठ तास. तिथे फोन केबलने जोडता येत नाही, तयार झालेली एपीके (ॲपची) फाइल उतरवून फोनवर टाकावी लागते. अडीअडचणीला चांगलं आहे, रोजचं काम त्यावर ओढू नकोस. आयफोनसाठीही करायचं असं पुढे मनात आलं तर एवढं माहीत असू दे, की त्याचं बिल्ड लिनक्सवर होत नाही. त्याला मॅक आणि एक्सकोडच लागतो. आत्ता त्याचा विचार नको.

आता राहिला तुझा मूळ प्रश्न. आयतं घेतलं तर शिकणार कशी? पहिला महिना डब्यात डोकावूही नकोस. ॲप कर. लिटर, फॅट, एसएनएफ घालायच्या तीन चौकटी, दरपत्रकातून दर शोधायचा, गुणाकार करायचा, साठवायचं. महिना झाला की एका रविवारी डबा पुसून टाक. हो, मुद्दाम. आणि कृतीची फाइल समोर ठेवून तो पुन्हा उभा कर. पुढच्या महिन्यात त्यातली एक ओळ काढ, जेडीकेचीच काढ, आणि काय तक्रार येते ते वाच. चार दिवस ज्या चुकीने तुला रडवलं तीच चूक आता तू स्वतः मुद्दाम घडवलेली असेल आणि तिचं औषध तुला माहीत असेल. त्यानंतर आवृत्ती बदलून बघ. असं तीन-चार वेळा झालं की तुझ्या सीनियरना जे यायला हवं असं वाटतं ते सगळं तुला येत असेल, आणि मधल्या काळात वडिलांचा हिशेबही सुरू झालेला असेल. टर्मिनलची भीती वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीत आहेत. एकेक धडा छोटा आहे. बघता बघता सोबत टाइप करत जा.

त्या वर्गमित्राला पेनड्राइव्ह परत देताना त्याचे आभार मान आणि विचार, हे बसवताना तू काय काय केलंस, ते माझ्याबरोबर बसून लिहून काढशील का? त्याच्या डोक्यात ती कृती आहे. दोघं मिळून ती दहा ओळींत आणलीत तर वर्गातल्या बाकीच्यांचेही चार-चार दिवस वाचतील. ती तयार झाली की मला पाठव. मी वाचून, कुठे काय बदलायला हवं ते खुणा करून परत पाठवीन.

या आठवड्यात एवढंच कर: विंडोजमधल्या फाइल्सचा बॅकअप, बिटलॉकरची की कागदावर, एक चांगली डेटा केबल. आणि वडिलांकडून सध्याच्या दरपत्रकाचा फोटो काढून घे. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला दर किती, आणि फॅट एका पॉइंटने उतरली की किती पैसे कापतात, ते त्यांच्याच शेजारी बसून, त्यांच्याच शब्दांत लिहून घे. ॲपमधलं पहिलं फंक्शन तेच असणार आहे.

तुझी,
ताई